वुडहेड : एकाकी पडलेला विद्युत मार्ग



ब्रिटिश डिझेल आणि विजेच्या गाड्यांचा विषय निघाला की रेल्वेप्रेमी पहिलं नाव घेतात ते डेल्टिकचं. ३३०० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा मान मोठाच आहे. पण आज मी मँचेस्टर ते शेफील्ड या, पेनाइन डोंगर ओलांडणाऱ्या वुडहेड मार्गाविषयी बोलणार आहे. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला तो चटकन कळेल, कारण त्याच्या तारांतला दाब आपल्या ओळखीचा होता : १५०० व्होल्ट डीसी.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली आपली पहिली विजेची गाडी याच दाबावर चालली. पुढच्या पाच-सहा वर्षांत जीआयपी रेल्वेने तारा पुणे आणि इगतपुरीपर्यंत नेल्या, म्हणजे बोरघाट आणि थळघाट दोन्ही तारांखाली आले. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांची विद्युत यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची होती आणि हा कारखाना मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधला. त्याच कारखान्याने पुढे वुडहेडच्या इंजिनांनाही यंत्रणा पुरवली. मँचेस्टरच्या घरच्या डोंगरात तारा लागल्या त्या मात्र आपल्या घाटांनंतर जवळजवळ पाव शतकाने.

तिथली गरज आपल्यासारखीच होती. यॉर्कशायरच्या खाणींतला कोळसा लँकेशायरला न्यायचा आणि मध्ये डोंगर. वुडहेडचे एकेरी रुळांचे दोन जुने बोगदे अरुंद होते. त्यातल्या धुरात इंजिनावरच्या माणसांचा जीव गुदमरत असे. याच मार्गाला जोडलेल्या फाट्यावर वर्सबरोची चढण ४० ला १. तिथे गाडीला मागून रेटायला ब्रिटनमधलं सर्वात ताकदवान वाफेचं इंजिन, १९२५ चं गॅरेट, ठेवलेलं होतं. १९३६ मध्ये हा मार्ग चालवणाऱ्या एलएनईआर या रेल्वे कंपनीने विद्युतीकरणाचा निर्णय घेतला. १९४१ मध्ये डॉनकास्टरला पहिलं इंजिन तयार झालं, पण युद्धामुळे तारांचं काम थांबलेलं. १९४७ मध्ये ते हॉलंडला उसनं दिलं. डच रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ‘टॉमी’ ठेवलं. १९५२ मध्ये ते मायदेशी परतलं आणि हेच नाव त्याच्या अंगावर कायम झालं.

१९५४ मध्ये दुहेरी रुळांचा, पावणेपाच किलोमीटरहून लांब नवा बोगदा खुला झाला आणि मँचेस्टर-शेफील्ड मार्ग पूर्ण विजेवर आला. त्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे ‘टॉमी’च्याच जातीच्या ईएम-१ इंजिनांचं रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. उतारावर कोळशाची जड गाडी आवरताना मोटारीच जनित्राचं काम करत आणि ती वीज पुन्हा तारेत जाई. समोरून चढणारी गाडी ती वापरू शके. ब्रेक झिजत नाहीत आणि वीजही वाचते. डोंगरी रेल्वेसाठी याहून शहाणी व्यवस्था मला माहीत नाही.

पण १९५६ मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर दोनच वर्षांत, ब्रिटिश रेल्वेने पुढच्या मुख्य विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी स्वीकारली. हिशेब सरळ होता. दाब जवळपास सतरा पट झाला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह सतरावा हिस्सा पुरतो. तार हलकी होते आणि सबस्टेशनं दूरदूर ठेवता येतात. तांत्रिकदृष्ट्या निर्णय बरोबरच होता. लंडन-शेनफील्ड या उपनगरी मार्गावरची १५०० व्होल्ट डीसी १९६० मध्ये गेली, मँचेस्टर-ऑल्ट्रिंगमची १९७१ मध्ये. वुडहेड एकटाच उरला. त्याची इंजिनं तार संपते तिथून पुढे जाऊ शकत नव्हती, आणि बाकीच्या जाळ्यावर त्यांना काम नव्हतं. देवतांची नावं मिरवणारी, प्रवासी गाड्या ओढणारी त्याची सातही ईएम-२ इंजिनं १९६९ मध्ये हॉलंडला विकली गेली, कारण तिथे १५०० व्होल्टच होते. १९७० च्या जानेवारीत प्रवासी गाड्या बंद झाल्या. कोळशाची वाहतूक घटली, यंत्रणा जुनी झाली, ती बदलण्याचा खर्च कुणी पत्करला नाही. जुलै १९८१ मध्ये शेवटची मालगाडी गेली.

मुंबईत हेच संकट, म्हणजे बाहेर एसी आणि इथे डीसी, आलं तेव्हा आपण दोन्ही दाबांवर चालणारी डब्ल्यूकॅम इंजिनं बांधली. पहिली १९७५ च्या सुमारास रुळांवर आली. मुंबईतली डीसी २०१६ पर्यंत टिकली, कारण इथली गर्दी कुणालाच सोडून देता येणारी नव्हती. वुडहेडच्या इंजिनांत काही खोट होती म्हणून तो मार्ग मेला, हे मला मान्य नाही. त्याला सोबतीला जाळं उरलं नाही, म्हणून तो गेला. त्या नव्या बोगद्यातून आज राष्ट्रीय ग्रिडच्या वीजवाहिन्या जातात.

छोट्या प्रतिकृती करणाऱ्या तरुण मित्रांसाठी दोन शब्द. ब्रिटिश डबल-ओ मापात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे साधारण ७६ पट लहान. त्या मापात वुडहेडचा बोगदा ६४ मीटर भरेल, तेव्हा फक्त तोंड करा. आधी साल ठरवा. इंजिनं काळी होती, मग हिरवी झाली, शेवटी निळी. देखण्या ईएम-२ चा मोह होईल, तरी मार्गाचा खरा जीव ईएम-१ च्या जोडीमागच्या कोळशाच्या वाघिणींत होता. आणि खांब-तारा टाळू नका. त्याच नसतील तर तो वुडहेड नव्हेच.

हे सगळं आज इतक्या बारकाईने करता येतं, कारण तिथल्या रेल्वेप्रेमींनी इंजिनांचे क्रमांक, रंग आणि तारखा वेळेवर टिपून ठेवल्या. एक ईएम-१ यॉर्कच्या संग्रहालयाने जपलं आहे. आपल्या घाटांत डीसी इंजिनं चालवलेले लोको पायलट आज कल्याण, लोणावळा, इगतपुरीला निवृत्त होऊन राहत आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांचे फोटो आणि वह्या बघायला मागा, ते सांगतील ते लिहून घ्या. हे काम याच वर्षी सुरू करा.