तुरुंगातून बाहेर येऊ न दिलेलं विज्ञानाचं पुस्तक

आजची गोष्ट मुंबईतल्या तुरुंगातली आहे, आणि ती एका विज्ञानाच्या पुस्तकाची आहे.

ऑक्टोबर १९६२. चीननं हल्ला केला आणि २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. मग आले भारत संरक्षण नियम. म्हणजे काय, तर खटला न चालवता सरकार एखाद्याला आत ठेवू शकणार. आणि या कायद्याखाली आत गेलेल्याला जीवित-स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जायची वाटही राष्ट्रपतींच्या आदेशानं बंद. २१ नोव्हेंबरला चीननं शस्त्रसंधी जाहीर केली. तोफा थांबल्या, नियम मात्र राहिले.

याच नियमांखाली कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून, सरकारच्या परवानगीनंच, त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं: ‘अणूच्या अंतरंगात’. विषय भौतिकशास्त्र. राजकारणाचा त्यात संबंधच नव्हता. छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या, एवढीच त्यांची विनंती. सरकार म्हणालं, नाही.

संझगिरी मुंबई हायकोर्टात गेले आणि जिंकले. महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सरकारचा मुद्दा ऐका हं: स्थानबद्धाला काय काय करता येतं ते नियमांत दिलंय, पुस्तक छापणं त्यात नाही, म्हणून तो हक्कच नाही. सप्टेंबर १९६५मध्ये कोर्टानं हे नाकारलं. नियमांत असतात ती बंधनं, सवलतींची यादी नव्हे. जे बंधन नियमात नाही, ते सरकारला लादता येत नाही. आणि नियमाबाहेर जाऊन सरकार वागलं, तर आणीबाणीतही कोर्टाचं दार उघडं आहे.

बघा ना, हा निकाल मर्यादितच होता. संझगिरींना आत का ठेवलं, हा प्रश्न त्यात नव्हताच. पुस्तकाला बाहेर यायची वाट मिळाली, माणसाला नाही. महिनाभराच्या युद्धासाठी लावलेली आणीबाणी उठली जानेवारी १९६८मध्ये. पुढे डिसेंबर १९७१च्या युद्धासाठी लावलेली तर मार्च १९७७पर्यंत चालली. म्हणजे १९७५मध्ये दुसरी आणीबाणी आली, तेव्हा पहिली उठलेलीच नव्हती! त्यानंतर ४४व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं, की जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जायची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही.

युद्धात सरकारला जादा अधिकार लागतात, हे मान्य. पण ते देताना दोन गोष्टी विचारायच्याच: हे कुठल्या नियमात लिहिलंय? आणि हे परत कधी घेणार? असं विचारणं म्हणजे देशद्रोह नाही. संझगिरींनी पहिला प्रश्न तुरुंगातून विचारला होता. आपण तर बाहेर आहोत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!