शनिवारचा मराठी चित्रपट



आजचा विषय अगदी घरगुती आहे. चार मराठी माणसं कुठेही जमू देत, करामातल्या एखाद्या उपाहारगृहात किंवा शारजात कुणाच्या घरी, तासाभरात एक वाक्य येतंच येतं. "पूर्वीसारखे चित्रपट आता राहिले नाहीत हो." सगळे माना डोलावतात, चहाचा दुसरा कप येतो आणि गप्पा पुढे सरकतात. आज मला त्या वाक्याशी जरा भांडायचंय. भांडण प्रेमाचं आहे, कारण मीही आता चाळिशीच्या उतरणीवर आहे आणि हे वाक्य म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे.

माझा धंदा आयटी सल्लागाराचा, त्यात एमबीए. म्हणजे कुणी काही म्हटलं की आधी व्याख्या विचारायची खोड. तेव्हा पहिला प्रश्न असा, की "पूर्वी" म्हणजे नक्की कधी? मी हा प्रश्न घरी आणि ऑफिसात विचारून पाहिला. आई म्हणाली, 'सांगत्ये ऐका' आणि 'मानिनी'. म्हणजे १९५९ आणि १९६१. काका म्हणाले, 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन'. म्हणजे सत्तरचं दशक. माझं उत्तर तुम्ही ओळखलंच असेल, 'अशी ही बनवाबनवी', १९८८. आणि ऑफिसातला तिशीतला एक मुलगा काय म्हणाला, माहीत आहे? "सर, जुने पिक्चर म्हणजे 'दुनियादारी' वगैरे." 'दुनियादारी' आला २०१३ साली! मला तो अजून नवीन वाटतो. तेव्हा घेतलेला माझा कुकरसुद्धा अजून चालतोय.

या उत्तरांवरून माझ्या लक्षात आलं ते असं. जुना चित्रपट म्हणजे जुन्या काळी बनलेला चित्रपट नव्हे. साधारण आठ ते अठरा या वयात, घरच्यांच्या किंवा मित्रांच्या खांद्याला खांदा लावून आपण जो पाहिला, तो आपला जुना चित्रपट. साल कुठलंही असो.

मग आपण तो पाहत कसे होतो, तेही आठवू या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी संध्याकाळी हिंदी, हा आठवड्याचा कणा होता. निवड नावाची गोष्टच नव्हती. जे लागेल ते बघायचं. मध्येच बातम्या लागायच्या, तेवढ्यात बायका पोळ्या उरकून यायच्या. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते शेजारच्यांकडे, आणि शेजारच्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. पुढच्या रांगेत मुलं, खुर्चीत आजोबा, दारात उभे राहून बघणारे दोघं-तिघं.

गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा लागायचा. समोर जागा मिळाली नाही तर आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. तिकडून चित्र उलटं दिसायचं. नायक डाव्या हाताने ठोसे मारायचा आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागायच्या. पण एकही ठोसा चुकत नसे.

नंतर व्हीसीआर आला. आणि इथे आपल्या आखाताचा थेट संबंध आहे बरं का. कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये पहिला व्हीसीआर आला तो दुबईहून, मस्कतहून किंवा कुवेतहून सुटीवर आलेल्या कुणाच्या तरी सामानातून. ज्याच्या घरी मशीन, त्याच्या ओटीवर रात्री अख्खी वाडी. एका रात्रीत तीन-तीन चित्रपट. तिसऱ्याच्या शेवटापर्यंत जागं कोण राहिलं, हे सकाळी विहिरीवर कळायचं.

आता जरा हिशेब मांडू. वर्षाचे शनिवार बावन्न. दहा वर्षांत पाचशेच्या वर मराठी चित्रपट आपल्यासमोरून गेले असतील. त्यांतले आज आठवतात किती? वीस? तीस? बाकीचे कुठे गेले? ते रडके होते, लांबलेले होते, बघवत नव्हते आणि तरीही आपण ते शेवटपर्यंत पाहिले होते. आठवणीची चाळणी बारीक असते, ती फक्त दाणे ठेवते. मग आपण त्या काळचे निवडक वीस दाणे घेतो आणि यंदाच्या सगळ्या भुशाशी त्यांची तुलना करतो. असा ताळेबंद एखाद्या कंपनीने मांडला तर लेखापाल सही करणार नाही.

पण जुन्यांत खरंच काहीतरी होतं, हेही मी सोडणार नाही. 'बनवाबनवी'चंच घ्या. संवाद वसंत सबनीसांचे, दिग्दर्शन सचिनचं, आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांच्यासारखी नाटकात मुरलेली मंडळी. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. आमच्या मुलांचं मराठी इथल्या शाळेत हिंदी, इंग्रजी आणि अरबीच्या गर्दीत दबून जातं. त्यांना घराबाहेरचं मराठी ऐकायला मिळतं ते असल्या चित्रपटांतून. आईवडिलांचं मराठी असतं "जेव, झोप, अभ्यास कर" एवढंच. टोमणा, थाप, लाडीगोडी, उसनं अवसान हे सगळं मुलांनी ऐकायचं कुठून? ते धनंजय मानेकडून ऐकायचं.

आणि गंमत बघा, हा चित्रपट दुबईत जितका कळतो तितका पुण्यातही आता कळत नसेल. चार पोरांना भाड्याने जागा मिळत नाही, कारण मालकिणीला बिऱ्हाड हवं जोडप्यांचं. इथे नवीन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं का? 'फक्त कुटुंबांसाठी' असं बजावणाऱ्या इमारती आणि एका खोलीतल्या सहा पलंगांपैकी एक पलंग भाड्याने घेऊन काढलेली पहिली दोन वर्षं, यांतून आपल्यापैकी अनेक जण गेलेत. साडी नेसून बायको व्हायची पाळी तेवढी आली नाही. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'मधली. म्हणजे जागेचं दुखणं मुंबईचंही, पुण्याचंही आणि दुबईचंही.

मुलांबरोबर बघताना काही जागा मात्र खटकतात. बायकांवरचे काही विनोद आज कानाला टोचतात. माझी चौदा वर्षांची मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, हे फनी नाहीये." मी रिमोट उचलून थांबवलं आणि आम्ही दहा मिनिटं बोललो. मग पुढे बघितला. एरवी चौदा वर्षांची मुलगी बापाशी सलग दहा मिनिटं बोलते का, हे तुम्हीच सांगा.

आता नवीन चित्रपटांकडे येऊ. आमच्या घरी मध्यंतरी 'किल्ला' पाहिला, अविनाश अरुण यांचा, २०१५ साली लागलेला. वडील वारलेला एक मुलगा, आईच्या बदलीमुळे पुणं सोडून कोकणातल्या छोट्या गावात येतो. नवी शाळा, नवी मुलं, हळूहळू मैत्री, आणि मैत्री पिकते न पिकते तोच आईची पुन्हा बदली. मारामारी नाही, नाच नाही. मला वाटलं, पोरं दहा मिनिटांत उठतील. कुणी उठलं नाही. त्या उन्हाळ्यात मुलीची जिवलग मैत्रीण कुटुंबासह कायमची परत गेली होती. कुणाची नोकरी गेली, कुणाचा करार संपला, कुणी कॅनडाला निघालं, की आपल्या मुलांचे मित्र असेच जातात. दरवर्षी वर्गातली दोन-तीन बाकं बदलतात. आपण मोठी माणसं विमानतळावर हात हलवतो आणि गाडीत बसताच किराण्याची यादी काढतो. मुलं काही बोलत नाहीत. चित्रपट संपल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "त्याला पण कुणी विचारलं नाही ना, जायचंय का म्हणून."

असं वाक्य माझ्या कुठल्याच आवडत्या जुन्या चित्रपटाने आमच्या घरात काढलं नव्हतं. त्या रात्रीपासून "पूर्वीसारखे राहिले नाहीत" हे वाक्य मी ऐकून सोडून देत नाही.

नवीन चित्रपटांनी आणखी एक केलं. आमच्या काळी पडद्यावरचं मराठी बरंचसं पुण्या-मुंबईचं असायचं, नाहीतर तमाशापटातलं ठरावीक गावरान. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' आणि २०१६ च्या 'सैराट'ने करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी आणली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये मुंबईच्या न्यायालयातलं कंटाळवाणं, घामट, खरं मराठी आहे. परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दादासाहेब फाळक्यांची गोष्ट हसत हसत सांगितली आणि पुढे 'वाळवी'सारखा काळा विनोदही केला. यांतला एकही "पूर्वीसारखा" नाही. नसू दे की.

मग आपण तरीही जुनंच का लावतो? इथे माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. चित्रपट दाखवणारी ही जी ॲप्स आहेत, ती तुम्ही काय पाहिलंत त्यावरून पुढचं सुचवतात. तुम्ही 'बनवाबनवी' पाहिला की 'धुमधडाका' समोर येतो, मग 'थरथराट', मग 'झपाटलेला'. यंत्राला तुमची आवड रुंद करायची नसते, तुम्हाला खिळवून ठेवायचं असतं. त्यात प्रत्येकाचं खातं वेगळं, कानात वायर वेगळी. एका घरात चार माणसं चार खोल्यांत चार गोष्टी बघतात. दूरदर्शनने निवड दिली नाही, पण गोष्ट सगळ्यांना एकच दिली. आज निवड भरपूर आहे, पण उद्या आपल्या मुलांना आपापसात आठवायला समाईक असं काय उरेल? मगाशी मी म्हटलं, की आठ ते अठरा वयात, सगळ्यांबरोबर पाहिलेला तो जुना चित्रपट. त्यांच्या वाट्याला तसा जुना चित्रपट येणारच नाही, ही मला भीती आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. चांगल्या चित्रपटाचं कौतुक आपण वीस वर्षांनी करतो. जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' आठवा. १९९२ साल, पटकथा पु. ल. देशपांडे यांची, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं जीव तोडून केलेलं गंभीर काम. त्या वेळी लोकांनी पाठ फिरवली. आज त्याचे तुकडे मोबाइलवर फिरतात आणि खाली हळहळ असते. डिसेंबर २००४ मध्ये लक्ष्मीकांत गेले. ती हळहळ त्यांना काय उपयोगाची?

इथे आखातात तर हे गणित फारच सरळ आहे. मराठी चित्रपट इथल्या पडद्यावर येतो तो बहुधा मोजक्या खेळांपुरता. व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, अंगठे दिसतात, आणि प्रत्यक्ष खुर्च्या अर्ध्या. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघूनच पुढचा चित्रपट आणायचा की नाही ते ठरतं. एके काळी बर दुबईत प्लाझा नावाचं चित्रपटगृह होतं, पुढे त्याचं गोल्डन झालं. हिंदी चित्रपटाला तिथे होणाऱ्या गर्दीच्या गोष्टी जुनी मंडळी अजून सांगतात. आपल्या दादरलाही प्लाझा आहे, व्ही. शांतारामांच्या नावाशी जोडलेलं. नाव तेच, पण दादरच्या प्लाझाला मराठी प्रेक्षकांची रांग मिळाली म्हणून तिथे मराठी चित्रपट टिकला. इथे ती रांग आपणच लावायची आहे, दुसरं कोण लावणार?

शेवटी एक सोपी सूचना. आपल्या देशाचं वेळापत्रक किती बदललं बघा. २००६ पर्यंत सुटी गुरुवार-शुक्रवार, मग शुक्रवार-शनिवार, आणि १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार. हिंदी चित्रपट मात्र बहुतेक वेळा अजूनही गुरुवारीच लागतात, जुन्या सवयीने. पण या बदलात एक गोष्ट नकळत आपल्या पदरात पडली. शनिवारची संध्याकाळ परत आली. दुसऱ्या दिवशी सुटी असलेली, अगदी दूरदर्शनच्या काळासारखी. ज्यांना दोन दिवस सुटी मिळते त्यांनी तरी ती वाया घालवू नये. आणि ज्या मित्रांना आठवड्यात एकच दिवस मिळतो, जे खोलीत एकटे असतात, त्यांना त्या दिवशी घरी बोलवावं.

नियम तीनच. पडदा एक, फोन दुसऱ्या खोलीत, आणि निवड पाळीपाळीने. एका शनिवारी आजीची, एकदा आईबाबांची, एकदा मुलांची. ज्याची पाळी त्याचा शब्द अंतिम, बाकीच्यांनी कुरकुर न करता शेवटपर्यंत बसायचं. पंधरा मिनिटांत उठायची मुभा नाही. आणि इथे एखादा मराठी चित्रपट लागला, की त्या आठवड्यात घरचा पडदा बंद, सगळे तिकीट काढून थिएटरात.

चित्रपट कधी कधी भिकार निघेल. निघू दे. भिकार चित्रपटावर सगळ्यांनी मिळून तोंडसुख घेणं हीसुद्धा मराठी घरातली जुनी करमणूक आहे.

येत्या शनिवारी तुमच्या घरी पाळी कुणाची आणि चित्रपट कुठला, ते आम्हाला नक्की कळवा. आमच्याकडे पाळी आईची आहे. तिने 'माहेरची साडी' ठरवलाय. रुमालांची व्यवस्था झाली आहे.