निवडणुकीचं हळदीकुंकू

दूध चुलीवर असेल तर आधी उतरवून ठेवा, मग ऐका.

२०२१ सालची गोष्ट. आमच्या ग्रामपंचायतीचं मतदान १५ जानेवारीला होतं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. आठवडाभर आधी गल्लीतल्या वहिनींचा निरोप आला, "संध्याकाळी हळदीकुंकवाला या." संक्रांत व्हायचीय आणि हळदीकुंकू आधीच! सासूबाई हसून म्हणाल्या, "जा, औंदा पॅनेलची संक्रांत पुढं आलीय."

गेले. वीस-पंचवीस बाया होत्या, मास्क हनुवटीवर. उमेदवार आमच्याच वॉर्डातली, महिलांच्या जागेवर उभी. ती भिंतीला टेकून, पदर सावरत गप्प बसलेली आणि दारात उभे राहून तिचे मालक बोलत होते. रस्ता करू, दिवे लावू, नळ देऊ. ही बाई माझ्याबरोबर खुरपायला येते. तिथं पात संपेपर्यंत तिचं तोंड बंद नसतं!

मग वाण आलं. प्रत्येकीला स्टीलचा डबा. खोटं कशाला बोलू, मीही घेतला. झाकण छान घट्ट होतं. पण डब्यामागून हळदीचं ताट आलं. "हात ठेवा आणि म्हणा, मत आपल्याच पॅनेलला." पहिल्या दोघींनी हात ठेवला. त्यात माझी धाकटी जाऊ. ताट माझ्याकडं सरकत होतं. आमची शेताची वाट त्यांच्या बांधावरून जाते. नाही कसं म्हणायचं?

तेवढ्यात दारातून एक काकी आत आल्या. त्यांना बोलावणं नव्हतं, कारण त्या विधवा. म्हणाल्या, "मत मागायला माझ्या दारी येता, मग हळदीकुंकवाला मी का नको?" कुणी काही बोलेना. त्या बसल्या आणि उमेदवाराला म्हणाल्या, "आपल्या आळीला चार दिवसांनी पाणी येतं. तू काय करशील?" मालक बोलायला लागले, तर काकी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चहाचं बघा. मी हिला विचारतेय."

सगळ्या हसल्या. मालक गेले. मग ती हळूच बोलली, "वरच्या आळीचा व्हॉल्व्ह सकाळभर उघडा राहतो. वेळेवर बंद केला तर आपल्याला दिवसाआड पाणी मिळेल. त्याला पैसे लागत नाहीत, रोज विचारणारं कुणीतरी लागतं."

मग अर्धा तास बोलणं झालं. अंगणवाडीचं छत, स्मशानाची वाट. हळदीचं ताट कोनाड्यात तसंच राहिलं. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या २०११ साली. पण बाईला प्रश्न विचारायचं आम्हाला त्या दिवशी सुचलं, तेही काकींमुळं.

रात्री जाऊबाई रडत आली. दुसऱ्या पॅनेलमधून तिची मावसबहीण उभी होती. "शपथ मोडली तर पोरांना काही होईल का हो, ताई?" मी नंतर विचारून घेतलं ते तुम्हाला सांगते. मतासाठी वस्तू देणं गुन्हा आहे, मतासाठी घेणंही गुन्हा आहे. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मागणं, हाही गुन्हाच. आणि पुठ्ठ्याआड आपण कुठलं बटण दाबलं ते कुणाला दिसत नाही. कुठलंही दाबा, आवाज तोच येतो.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला एवढंच म्हटलं, "हळद लेकरांचं वाईट करत नाही गं." तिनं कुणाला मत दिलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

डबा सकाळीच परत केला. वहिनी दोन महिने बोलल्या नाहीत. उमेदवार मात्र निवडून आली.

पाणी दिवसाआड येतं का, म्हणाल, तर तिसऱ्या दिवशी येतं. येत्या महिला सभेत काकी व्हॉल्व्हचा विषय पुन्हा काढणार आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ठाऊक आहे ना? तुमच्या गावात शेवटची कधी झाली, ते उद्या ग्रामपंचायतीत विचारा.