रात्री दीड वाजता वरून कोण पाहतं?

रात्री दीडला समुद्रपूर तालुक्यात जागं कोण असतं? जाम चौकातले धाबे, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक, आणि लाइन रात्रीची म्हणून ओलित करायला वावरात गेलेला शेतकरी. साधारण याच वेळी सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून सुओमी एनपीपी हा अमेरिकी उपग्रह आपल्या दिव्यांचं चित्र घेत जातो. २०११ साली तो सोडला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे पाऊण किलोमीटर लांब-रुंद जमीन. त्यात गल्ल्या, घरं, खांब सगळं एकत्र.

पण त्यानं मोजलेला उजेड बरोबर कशावरून? दुकानातला तराजू प्रमाणित वजनं ठेवून तपासता येतो. उपग्रहाजवळ जाऊन वजन कोण ठेवणार? म्हणून तो सूर्याच्या उजेडावर स्वतःला तपासून घेतो. मात्र सूर्याच्या प्रखरतेपासून गावच्या दिव्यापर्यंत पायरीपायरीनं उतरावं लागतं, आणि पायरीगणिक थोडी चूक साचते. यावर अमेरिकेत एक सरळ तोड काढली गेली: किती तेजाचा ते आधीच मोजलेला दिवा अंधाऱ्या जागी जमिनीवर लावायचा आणि उपग्रह किती सांगतो ते पाहायचं. 'टेरा वेगा' हे त्या दिव्याचं नाव. त्याचे पहिले निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

या चित्रांवरून विजेचा पुरवठा कळतो का, याचा महाराष्ट्रात पडताळा झाला तो वेगळ्या वाटेनं. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेनं घरांमध्ये व्होल्टेज नोंदणारी यंत्रं बसवली होती. मायकेल मॅन, एली मेलास आणि अरुण मलिक यांनी अशा घरगुती नोंदी उपग्रहाच्या चित्रांशी ताडून २०१६ साली निबंध लिहिला. अमुक रात्री लाइन गेली, हे चित्रावरून फारसं ओळखता आलं नाही. कोणत्या ठिकाणची वीज किती भरवशाची, हे मात्र बऱ्यापैकी जमलं. आणि मध्यरात्रीनंतरच्या चित्रांवरून दिवसाच्या पुरवठ्याचाही अंदाज आला, याचं मला अधिक नवल वाटतं. अर्थात वावरातली मोटर चालू की बंद, ते वरून कसं दिसणार? पाणी काही उजेड देत नाही!

त्यात आता एलईडीचा घोळ. उपग्रहावरचा प्रकाश टिपणारा सेन्सर साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरमधलाच प्रकाश टिपतो. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग त्याला दिसतच नाही. त्यामुळे पिवळे सोडियमचे दिवे उतरवून एलईडी लावले की रस्ता लख्ख होतो, आणि चित्रात तेच गाव मंद झालेलं दिसू शकतं. असा नकाशा पुढे ठेवून कुणी गावाची पीछेहाट सांगू लागला, तर खांबावरचे दिवे कधी बदलले, एवढं त्याला आधी विचारा.