रमाबाईंचे चालते विद्यापीठ



प्रवासाने माणूस शहाणा होतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ते सरसकट मान्य नाही. पुष्कळ हिंडून, जसे गेले तसेच परतलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. मग रस्ता नेमके कोणाला शिकवतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे सापडले नाही. म्हणून आजचे व्याख्यान त्यांच्या प्रवासांवर आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला आणि वस्तीपासून दूर आश्रम मांडला. आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता कर्ज वाढले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. त्या वेळी रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात, एका माणसाच्या डोक्यावर बसून त्या घराबाहेर पडल्या आणि त्यांचे सगळे बालपण वाटेवरच गेले. देवळात किंवा घाटावर पुराण सांगायचे, यजमान देतील त्या शिध्यावर राहायचे, चार दिवसांनी पुन्हा चालू लागायचे. आईने मुक्कामामुक्कामावर त्यांच्याकडून भागवत पाठ करून घेतले. मराठी घरातली, कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली वाटेवरची. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलीला 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तेव्हा ती वीस वर्षांची होती.

ही कथा इथेच थांबवली तर ती गोड वाटेल. पण मधे 1874च्या सुमाराचा दुष्काळ आहे. त्यात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुराण ऐकणारेच उपाशी, तिथे पुराणिकाला कोण देणार? अंगमेहनतीचे काम या कुटुंबाला कोणी शिकवले नव्हते. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, त्यानंतर काही वर्षे अनवाणी चालत राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी होती, की त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात झोपली आणि अंगावर वाळू ओढून घेतली.

त्यांच्या आत्मकथनातला एक प्रसंग मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. हिमालयाच्या बाजूच्या एका तीर्थावर एक सरोवर होते आणि त्यात सात डोंगर तरंगतात अशी ख्याती होती. यात्रेकरू निष्पाप असेल तर प्रार्थना ऐकून डोंगर त्याच्याकडे सरकत येतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत. पाण्यात सुसरी आहेत, उतरू नका, अशी पुजाऱ्यांची ताकीद होती. श्रीनिवास पहाटे उठले, कोणाचे लक्ष नाही असे पाहून पोहत डोंगरांपर्यंत गेले. डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेले दगडमातीचे ढीग होते, वर झाडे लावलेली. मागे एक होडी असे. दक्षिणा पोचली की होडीतला माणूस डोंगर ढकलत असे.

हजारो लोक त्या काठावर येऊन गेले असतील. तेही दुरून चालत आले होते, त्यांचेही पाय फुटले होते. चालण्याचे कष्ट सगळ्यांचे सारखेच होते. पोहत जाऊन हात लावून पाहिले एकाने. त्याच्या बहिणीने ते मनात ठेवले आणि पुढे कोणत्याही देशात, कोणाच्याही सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. रमाबाईंच्या सगळ्या शिक्षणाचा पाया मला या एका पहाटेत दिसतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. भाऊ गेला, लग्न झाले, दोन वर्षांत पतीही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. 1882 साली त्या पुण्यात आल्या, 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मार्च 1886मध्ये त्या फिलाडेल्फियात उतरल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, आणि हा मुक्काम का लांबला हे पाहण्यासारखे आहे. मनात एक प्रश्न होता: आपल्याकडच्या विधवेला स्वतःच्या पायावर उभे करायचे, तर काय शिकवायचे आणि ते चालवायचे कसे? म्हणून त्या बालवाडीच्या वर्गात जाऊन बसल्या, फ्रोबेलची पद्धत शिकल्या. स्त्रियांच्या संस्था वर्गणी कशी जमवतात, सभा कशा घेतात, हे त्यांनी आत शिरून पाहिले. 1887 साली इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीतून कामासाठी पैसा उभा केला. त्याच वर्षाअखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले.

परतल्यावर, 1889 साली, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे मराठी पुस्तक निघाले. राज्यकारभार, घरे, शाळा, धंदे, स्त्रियांची स्थिती, असा एका देशाचा पुरा आढावा आहे तो. ज्या देशाने त्यांना आदराने वागवले, पैसा दिला, त्याच देशात काळ्या लोकांना कसे वागवतात आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी काय अन्याय केला, हेही त्यांनी लिहिले आहे. उपकाराच्या ओझ्याखाली डोळे झुकू न देणे फार अवघड असते. ते त्यांना जमले याचे कारण तरंगते डोंगर त्यांनी आधीच पाहिले होते, असे मी मानतो. धर्मांतराच्या वादात आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि हे पुस्तकही नजरेआड केले. मराठी वाचकाचे त्यात मोठे नुकसान झाले.

फेब्रुवारी 1889मध्ये त्या मुंबईला उतरल्या आणि 11 मार्चला शारदा सदन ही त्यांची शाळा सुरू झाली. बोट आणि शाळा यांत दीड महिनासुद्धा गेला नाही. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. अमेरिकेतल्या तीन वर्षांत काय शिकल्या, याचा याहून वेगळा दाखला मी शोधत नाही.

आणखी एक प्रवास सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने निराधार झालेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. शारदा सदन तोवर पुण्याला आले होते, पण तिथे प्लेग होता, एवढ्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळी मुलखातून जाणारे इतरही होते. पण भुकेल्या मुलीचा चेहरा रमाबाईंनी ओळखला, कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच वाटेवर त्या स्वतः तशाच चालल्या होत्या. आणि तिथे पोचल्यावर मुलींना शेती, विणकाम, छपाई असे हाताचे काम शिकवायचे, हा धडा आईवडिलांच्या मरणाने दिलेला होता.

आजच्या प्रवासाबद्दल मला तक्रार करायची नाही. वर्षभर राबून आठ दिवसांची सहल करणाऱ्या कुटुंबाला विश्रांतीचा, डोंगर-समुद्र पाहून सुखावण्याचा पूर्ण हक्क आहे. पण मुलांना जग दिसावे म्हणून नेतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्या आठ दिवसांतली एक सकाळ त्या गावाला द्या. तिथली शाळा पाहा. पाणी कुठून येते, बाजारातली बाई दिवसाला काय मिळवते, हे तिच्याजवळ बसून विचारा. गाईडने सांगितलेले एकदा तरी स्वतः पडताळून पाहा. आणि घरातली मुलगी एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर कुठे जायचे म्हणाली, तर तिला अडवू नका. भाडे द्या, पत्ता घ्या आणि जाऊ द्या.

आणखी एक मागणे आहे. सुट्टीवरून परत आलात की जे पाहिले ते दोन पाने मराठीत लिहा आणि आपल्या गावच्या वाचनालयात आणून द्या. रमाबाईंचे 1889चे पुस्तक तिथे नसेल, तर ग्रंथपालांकडे त्याची मागणी नोंदवा.