सही करण्याआधी



मागच्या साली आमच्या गटानं जवसाची आणि कारळ्याची चटणी तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला द्यायला सुरुवात केली. माल आमचा, पिशवीवर नाव त्याचं. सहा महिने बरे गेले. मग त्यानं आमचंच प्रमाण दुसऱ्या गावात सांगून तिथून स्वस्तात चटणी करून घेतली. जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "ताई, तसं ठरलेलं कुठं होतं? कागद दाखवा." कागदच नव्हता.

आता दुसरा व्यापारी आलाय, तो कागद घेऊन. त्यावर बैठकीत बोलणं चाललं होतं. आमच्यातल्या एकीची मुलगी पुण्याला संगणक शिकते. तिनं आम्हाला अमेरिकेतल्या दोन कंपन्यांची गोष्ट सांगितली.

१९८० साली आयबीएम ही फार मोठी कंपनी होती. तिला घरात, कचेरीत टेबलावर मावेल असा संगणक लवकर बाजारात आणायचा होता. पण नुसतं यंत्र असून भागत नाही, ते चालवणारी प्रणाली आत लागते. ती देण्याचं काम मायक्रोसॉफ्ट या तेव्हाच्या लहान कंपनीनं घेतलं. तिच्याकडे तयार प्रणाली नव्हती. तिनं ती सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून घेतली, सगळे मिळून सुमारे ७५ हजार डॉलर देऊन. पुढचं गिऱ्हाईक आयबीएम आहे, हे मात्र त्या कंपनीला सांगितलं नाही. पुढे ती कोर्टात गेली, तेव्हा कुठं १९८६ मध्ये तडजोड होऊन तिला आणखी पैसे मिळाले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा संगणक आला आणि भराभर खपला. पण करारात मायक्रोसॉफ्टनं एक गोष्ट हातची सोडली नव्हती: हीच प्रणाली दुसऱ्यांना विकायचा हक्क. थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांनी तसेच संगणक काढले, आणि प्रत्येकजण प्रणाली घ्यायला मायक्रोसॉफ्टच्या दारात.

१९८५ मध्ये दोघांनी मिळून नवी प्रणाली करायचा करार केला. तिचं नाव ओएस-टू. तिथं कामाची पद्धत जुळेना. आयबीएममध्ये लिहिलेल्या ओळी मोजून काम मापत. मायक्रोसॉफ्टचे लोक म्हणत, थोडक्या ओळींत तेच काम होत असेल तर ते चांगलं की वाईट? आपल्याकडे पापड नगावर मोजायचे की वजनावर, यावरून वाद होतो, तसंच. शिवाय मायक्रोसॉफ्ट दुसरीकडे स्वतःची विंडोज वाढवत होती. १९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती जोरात चालली आणि भागीदारी फुटली. २००५ मध्ये आयबीएमनं आपला संगणकाचा तो धंदाच लेनोव्हो या चिनी कंपनीला विकून टाकला.

ऐकून आमच्यातल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "म्हणजे प्रमाण ज्याच्या हातात, चूल त्याची." आम्ही त्या सिएटलच्या कंपनीसारख्या फसलो होतो, हे तेव्हा कळलं.

मग आम्ही व्यापाऱ्याच्या कागदात चार गोष्टी लिहून मागितल्या. एक, चटणीचं प्रमाण गटाचंच राहील. दोन, हाच माल आम्ही दुसऱ्यालाही विकू शकू, आणि पिशवीवर गटाचं नाव असेल. तीन, दर महिन्याला दोघांनी एकत्र बसून हिशेब पाहायचा. माल कसा मोजायचा तेही आधीच ठरवायचं. चार, पटलं नाही तर किती दिवस आधी सांगून मोकळं व्हायचं, आणि तोवरचे पैसे कधी मिळायचे.

तीन गोष्टींना तो तयार झालाय. दुसऱ्या कोणाला विकायचं नाही, यावर अडून बसलाय. तो पैसा रोख देतो, आणि सणाच्या तोंडावर हाताला काम हवंय, म्हणून आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, देऊन टाका सही. त्यांचंही खोटं नाही. पण भरोशावर चालून एकदा हात पोळलाय. म्हणून त्याला सांगितलंय: दुसऱ्याला विकायचं नाही म्हणतोस, तर दर महिन्याला एवढा माल घेईनच, असं तूही लिहून दे. उत्तर यायचंय. तोवर सही नाही.

तुमच्या गटाकडे असा कागद आला, तर तो बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. जिला वाचता येत नाही, तिलाही कळेल असा वाचा. कळलं नाही तर विचारा, आणि एक प्रत गटाच्या पेटीत ठेवा.