गोळीबरोबर छप्परही
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या वतीने झालेले भाषण)



विणेकरी, चोपदार, टाळकरी मंडळी, डोईवर तुळस घेणाऱ्या मायबहिणी आणि सर्व ग्रामस्थहो, आपली दिंडी शंभर वर्षं चालली ती भजनाच्या जोरावर. पण रोज सांजच्याला कुठल्या तरी गावानं अंग टेकायला जागा दिली, म्हणूनही चालली. आळंदी ते पंढरी आपण सगळे बिनघराचेच असतो. दिवेघाटात भिजलेल्या माणसाला ताप भरला, तर नुसत्या गोळीनं भागत नाही. कोरडी जागा, कोरडं धोतर आणि गरम पेजही लागते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपण वारी करून घरी येतो. ज्यांना रात्रीचा मुक्कामच नाही, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे.

खेड्यापाड्यातली किती तरी माणसं कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ‘लाईट’ द्यायची म्हणजे बऱ्याचदा पाच-सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. त्यासाठी सहसा भरती करून घेत नाहीत. रोज जाऊन यायचं. मग राहायचं कुठं? खोलीचं भाडं झेपत नाही, म्हणून माणसं फुटपाथवर पथारी टाकतात. केमोनं ताकद आधीच उतरलेली, त्यात जंतू लवकर धरतात. पावसात फाईल भिजते, रेशनकार्डाची पिशवी चोरीला जाते आणि कागदावाचून सरकारी योजनेचं काम अडतं. शेवटी एखादा उपचार अर्धा टाकून गाव गाठतो. डॉक्टर होते, औषध होतं. छप्पर तेवढं नव्हतं.

गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही केली. स्वतःला मात्र झोपडीसुद्धा बांधली नाही. त्यांच्या दशसूत्रीत बेघराला आसरा आणि रोग्याला औषधोपचार ही कलमं लागोपाठ आहेत. आज दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांची सोय करते.

शताब्दीची आठवण म्हणून वेशीवर कमान बांधावी, अशी सूचना आहे. सूचना चांगल्या मनाची आहे. पण आम्हा काही जणांचं मागणं वेगळं आहे. कमानीचा पैसा अशा धर्मशाळेत राहणाऱ्या रुग्णांच्या मुक्कामासाठी आणि जेवणासाठी द्यावा. दर वर्षीच्या भिशीतून थोडा भाग त्यासाठीच बाजूला काढावा. पंचक्रोशीतला कुणी पहिल्यांदा मुंबईला निघाला, तर दिंडीतला एक जाणता माणूस सोबत जावा आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत नीट सांभाळावीत. दवाखान्यातून सुटलेल्या निराधाराला गावातलं एखादं बंद घर झाडून-सारवून उघडून द्यावं.

शंभर वर्षं लोकांनी आपल्याला ओसरी दिली. ती आता आपण द्यायची आहे. पटत असेल तर हात वर करा, माऊली.

रामकृष्ण हरी!